भीमगीतांतला इतिहास : गाणं ऐकताना काय ऐकावं?



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा इतिहास आज जाडजूड ग्रंथांत मिळतो. शासनाने खंडच्या खंड छापले आहेत. पण ज्या काळात अख्ख्या वस्तीत वाचणारा माणूस एखादाच असायचा, त्या काळात हा इतिहास डफावर आणि ढोलकीवर सांगितला गेला. आमच्या आई-आजीला महाडचा सत्याग्रह कुणी पुस्तकातून शिकवला नाही. तो त्यांना गाण्यातून कळला. म्हणून भीमगीत म्हणजे नुसती करमणूक, असं आम्ही कधीच मानलं नाही. तो आपल्या समाजाचा पहिला इतिहासग्रंथ आहे.

मात्र आज एक अडचण उभी राहिली आहे. जयंतीला मोठमोठे कर्णे लागतात, पोरं रात्रभर नाचतात. गाणी तोंडपाठ असतात, पण त्यात आलेलं गाव कुठलं, साल कुठलं, आकडा कशाचा, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बाहेरचा कुणी तिरकस बोलला, "तुमच्या गाण्यात आहे ते खरं कशावरून?" तर उत्तर देता येत नाही. मग आवाज चढतो आणि वाद होतो. उत्तर माहीत असलं की आवाज चढवावा लागत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने गाण्यांतल्या काही खुणा उलगडून सांगाव्या, असं आम्ही ठरवलं.

जलशाची परंपरा

गाण्यातून समाज जागा करायची रीत महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीने पाडली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात भटशाही, सावकारी, शिक्षण हे विषय घातले. पुढे आंबेडकरी जलसे निघाले. नाशिकचे शाहीर भीमराव कर्डक यांनी 1931 च्या सुमारास जलसा उभा केला आणि पुढे 1978 साली 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तकही लिहिलं. या जलशांतून शृंगार गेला. त्याच्या जागी पाणवठा, शाळा, मेलेली ढोरं ओढणं आणि येसकरकी सोडणं यांवरचे सवाल-जवाब आले. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणत, हे जुनी शाहीर मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत.

त्यानंतर वामनदादा कर्डक आले. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकला आणि 1943 पासून 2004 मध्ये डोळे मिटेपर्यंत हजारो गाणी लिहून गेला. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यांनी ही गाणी घराघरात नेली. शाहीर उमपांनी तर 26 नोव्हेंबर 2010 रोजी, संविधान दिनीच, नागपूरच्या दीक्षाभूमीवर अखेरचा श्वास घेतला.

अशा लोकांनी लिहिलेल्या गाण्यात एकेक शब्द भरलेला असतो. तो सुटा करून बघायला हवा.

गावांची नावं

आधी गावं घेऊ. गाण्यात 'माणगाव' येतं. पुष्कळांना वाटतं, हे महाडजवळचं माणगाव. तसं नाही. हे आपल्या शेजारचं, कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. तेव्हा ते कागल जहागिरीत होतं. तिथे 21 आणि 22 मार्च 1920 रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते 28 वर्षांचे भीमराव आंबेडकर. तिथे राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. ज्या राजाने 26 जुलै 1902 रोजी आपल्या संस्थानात मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्या राजाचे हे शब्द होते. गाण्यात शाहू आणि भीम यांची जोडी येते, ती या प्रसंगामुळे. माधवनगरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकं हे गाव जवळ आहे. आपल्या वस्तीतले किती जण तिथे जाऊन आले, ज्याने त्याने मनाशी मोजावं.

दुसरं नाव 'कोरेगाव'. आपल्या बोलण्यात तीन गावांची सरमिसळ होते. एक भीमा-कोरेगाव, ते पुणे जिल्ह्यात, भीमा नदीकाठी. दुसरं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं कोरेगाव. तिसरं खटाव तालुक्यातलं गोरेगाव, जिथे बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी रोखपाल म्हणून कामाला होते. इंग्रजी छापील मजकुरात त्याचंही 'कोरेगाव' झालं आहे. 1901 साली लहानगा भीम भावा-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनात उतरला. ही महारांची पोरं आहेत म्हटल्यावर एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं आणि गाडी पोरांनीच हाकली. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. मिरजेहून पुण्याला जाणारी जी रेल्वे आपल्या गावाजवळून धडधडत जाते, त्याच मार्गावर मसूर स्टेशन आहे. गाण्यात तहानलेल्या बाळाचा, बैलगाडीचा उल्लेख आला की मसूर आठवावं.

त्याच साताऱ्यात 1896 साली माता भीमाबाईंचं निधन झालं. त्याच साताऱ्यातल्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी 'भिवा रामजी' या नावाने बाबासाहेबांचा दाखला झाला. 2017 पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं.

'सातारा' या शब्दाचीही एक गंमत आहे. पोवाड्यात साताऱ्याचं पत्री सरकार म्हणतात, तेव्हा पोरांना सातारा शहर वाटतं. पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र, तसंच कुंडल, हा सगळा मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. जुन्या गाण्यातला सातारा म्हणजे पुष्कळदा आपणच.

तसंच 'कुलाबा'. महाडची परिषद ही कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती. हा कुलाबा मुंबईतला नव्हे. आजच्या रायगड जिल्ह्याचं ते जुनं नाव, 1981 पर्यंत चालू होतं.

पाण्याला लागलेली आग

महाडच्या गाण्यांत पाण्याला आग लागल्याचं वर्णन हमखास असतं. लहान पोरगं विचारतं, पाणी कसं पेटेल? त्याला सांगावं, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी मिळालं, प्रत्यक्षात ओंजळ कोरडीच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं.

गाणं बहुधा इथे संपतं. इतिहास मात्र पुढे दहा वर्षं चालला. सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला. गाण्याला एक दिवस पुरतो, हक्काला दहा वर्षं लागतात. कोर्टाची तारीख गाण्यात बसत नाही, म्हणून ती विहारात सांगायला हवी.

पाचशे आणि अठ्ठावीस हजार

आता आकड्यांकडे येऊ. भीमा-कोरेगावच्या गाण्यांत पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई बुडवली, असं येतं. ही लढाई 1 जानेवारी 1818 ला झाली. कंपनीची फौज एकूण आठशेच्या थोडी वर होती. त्यात पायदळ सुमारे पाचशे, बाकी घोडेस्वार आणि चोवीस गोलंदाज. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण इतरही होते. पेशव्यांची एकूण फौज सुमारे अठ्ठावीस हजार धरली जाते. गावावर चालून गेली ती तिच्यातली सुमारे दोन हजारांची तुकडी. दिवसभर लढूनही तिला गाव घेता आलं नाही. इंग्रजांची कुमक येत असल्याचं कळल्यावर पेशव्याचं सैन्य निघून गेलं.

हे सांगितलं तर आपल्या शौर्याला कमीपणा येतो काय? मुळीच नाही. विजयस्तंभावर कंपनीकडच्या मेलेल्या 49 जणांची नावं कोरली आहेत, त्यांतली 22 नावं 'नाक' या शेवटाची आहेत. ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांची नावं दगडावर कोरली गेली. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला तिथे गेले, ते ही नावं समाजाला दाखवण्यासाठी. शिवाय ज्या इंग्रजांसाठी आपले लोक लढले, त्यांनीच 1892 च्या सुमारास महारांची लष्कर-भरती बंद केली, हेही त्या गाण्याला जोडून सांगावं. परक्याच्या मेहरबानीवर समाज उभा राहत नाही, हा धडा त्यात आहे.

याच गाण्यांत 'शिदनाक' हा नायक येतो. आपल्या भागात या नावाची थोर आठवण आहे ती मिरज तालुक्यातल्या कळंबीच्या शिदनाकाची. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत त्याने परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, असं सांगितलं जातं. ती लढाई पेशव्यांच्या बाजूने होती आणि कोरेगावच्या तेवीस वर्षं आधीची. गाण्यात दोन्ही लढाया एका नावात मिसळून जातात. शाहिराला शौर्याचं एक नाव हवं असतं, म्हणून हे होतं. आपण मात्र दोन्ही लढाया वेगळ्या ओळखाव्यात. 1 जानेवारी 2018 नंतर तर हा विषय कोर्टकचेरीपर्यंत गेला आहे. तिथे गाणं चालत नाही, कागद लागतो.

दुसरा आकडा 'सात कोटी', 'नऊ कोटी'. माता रमाईला नऊ कोटींची माय म्हणतात. 1951 च्या जनगणनेत अनुसूचित जाती पाच कोटींच्या वर होत्या, 1961 ला सहा कोटी चाळीस लाखांच्या वर आणि 1971 ला आठ कोटी. 2011 ला तो आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. शाहीर जनगणनेचा कारकून नसतो, त्याने कोटी मोजली ती मायेने. आणखी एक आकडा गाण्यात सहसा येत नाही, पण तोच आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. 1951 साली महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा झाली आणि 1961 च्या जनगणनेत ते झाले सुमारे 27 लाख 90 हजार. असा पोवाडा जगात दुसरा नसेल.

हत्ती आणि ऐरावत

आपल्या गाण्यांत हत्ती दोन वाटांनी येतो. 1942 साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत त्याचं चिन्ह हत्ती होतं. ज्या गाण्यात हत्तीला मत द्यायला सांगितलं आहे, ते निवडणुकीचं गाणं. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले आणि 1954 ला भंडाऱ्यातही पडले. घटनेचा शिल्पकार पडला, हे गाणी फारसं सांगत नाहीत. पण मताची किंमत पोरांना समजावायची असेल, तर हेच सांगावं लागेल.

दुसरा हत्ती आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या लोकशाहीर अण्णा भाऊ साठ्यांचा. भीमरावांचा निरोप सांगणारं, घाव घालून जग बदलायला सांगणारं त्यांचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. त्यात गुलामीच्या चिखलात रुतलेला ऐरावत आहे. तो कुठल्या पक्षाचं चिन्ह नाही. तो तुम्ही-आम्ही, राबणारा समाज. अंगात बळ आहे, पण पाय रुतलेत. त्याच गाण्यात छळणारे दोन सांगितले आहेत, पैसेवाला आणि धर्माच्या नावाने पिळणारा. आता 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला झालेली रेल्वे कामगारांची परिषद आठवा. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट सांगितलं होतं. कम्युनिस्ट म्हणून ओळखला गेलेला, मातंग समाजात जन्मलेला अण्णा भाऊ आणि बाबासाहेब, दोघांचं बोट त्याच दोन शत्रूंकडे आहे. जयंत्या वेगवेगळ्या करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आठ तासांचं गाणं

बाबासाहेबांना कामगारांचे कैवारी म्हणतात. आम्ही गिरणीत उमर घालवलेली माणसं, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात म्हणजे विणाईत घेत नसत. का? धोट्यात कांडी बसवली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे, त्यामुळे बाट होतो म्हणे! साचेखात्याचा पगार जास्त, आणि तेच दार बंद. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला, की कामगारांची एकी म्हणता तर आधी हे दार उघडा. पुढे 7 नोव्हेंबर 1938 रोजी संपाचा हक्क कापणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांबरोबर संपात उतरला.

'आठ तास' हे गाण्यातलं मापही समजून घ्यावं. 1934 च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात आठवड्याला 54 तास काम असे. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे 54 चे 48 तास झाले. सहा दिवसांनी भागा, आठ येतात. भोंगा वाजल्यावर आपण घरी जातो, ते या भागाकारामुळे.

मैना कोण?

अण्णा भाऊंची मैनेची छक्कड ऐकताना नवरा-बायकोचा विरह वाटतो. नवरा मुंबईला, ती गावाकडे. पण पुढे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात आणि मैनेचा अर्थ पालटतो. आपल्यापासून तुटलेला मुलूख तीच मैना. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं हे गाणं. बेळगाव, कारवार 1956 साली म्हैसूर राज्यात गेले आणि डांग, उंबरगाव 1960 साली गुजरातकडे. त्या समितीत आपलं फेडरेशनही होतं, हे विसरू नये.

नामांतर की नामविस्तार?

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. 1979 ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला जे झालं त्यात 'मराठवाडा' हे नाव राहिलं आणि त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. सरकारी भाषेत हा नामविस्तार. गाणी 'नामांतर' म्हणतात, कारण रक्त सांडलं ते नामांतरासाठी. दोन्ही शब्द खरे आहेत. एक कागदाचा, एक काळजाचा.

शाहीरही यातून सुटले नाहीत. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी 15 जुलैला आपलं जीवन संपवलं. नंतरच्या गाण्यांत ही दोन्ही दुःखं एकत्र येतात.

माईसाहेबांविषयी

आता एक अवघड गोष्ट. काही ओव्यांत, काही गाण्यांत माईसाहेबांविषयी आडून संशय घेतलेला असतो. बाबासाहेबांनी 15 एप्रिल 1948 रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्या जन्माने ब्राह्मण. 6 डिसेंबर 1956 नंतर पोरक्या झालेल्या समाजाने दुःखाच्या भरात बोट त्यांच्याकडे केलं. जात्यावरच्या बाईचा तो आकांत आम्ही समजू शकतो. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत खुद्द बाबासाहेबांनी आपलं आयुष्य वाढवल्याचं श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं आहे. ही प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, म्हणून घरोघर पोचली नाही. बाबासाहेबांचा शब्द एका बाजूला आणि ऐकीव ओवी दुसऱ्या बाजूला असेल, तर बौद्ध माणसाने कोणाचं ऐकावं? सम्यक वाचा पंचशीलाच्या पाठाबरोबरच संपत नाही, ती गाण्यालाही लागू आहे.

आपण काय करावं?

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं, परंपरेने आलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. गाणंही असंच पारखावं. ऐकताना चार प्रश्न विचारावेत : हे कधी लिहिलं? कोणी लिहिलं? त्यातलं गाव आज कुठे आहे? आकडा कशाचा आहे? एवढ्याने गाणं लहान होत नाही. उलट दुसऱ्यांदा ऐकताना अंगावर जास्त काटा येतो.

दुसरं, घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या वहीत उतरवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. बाहेरची माणसं एवढं करतात, तर आपल्या गल्लीतल्या ओव्या आपण का जमवू नयेत? आजी गेली की तिच्याबरोबर एक ग्रंथ जातो.

तिसरं, जयंतीला मिरवणुकीच्या आधी एक संध्याकाळ विहारात ठेवावी. कर्णा बंद, एक ढोलकी, एक पेटी. एक गाणं म्हणायचं आणि मग पोरांपैकी एकाने उठून त्यातलं साल आणि गाव सांगायचं. शंभर पोरांतली दहा जरी तयार झाली, तरी पुढच्या पिढीला कुणी "खरं कशावरून?" म्हणून विचारलं तर उत्तर मिळेल, तेही शांतपणे. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते शाळेपुरतं नव्हतं.

जय भीम! नमो बुद्धाय!